गाणी लिहायला शिकायचंय, कंट्री ऐकू की रॅप?
गोष्ट सांगायला शिकायचं असेल तर कंट्री (अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून आलेली शैली), यमक आणि लय शिकायची असेल तर रॅप. कंट्रीत बहुधा तीन-चारच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), त्यामुळे सगळा भार शब्दांवर: कडव्यागणिक प्रसंग पुढे सरकतो आणि तेच धृपद दर वेळी नव्या अर्थाने ऐकू येतं. ही फार अवघड कारागिरी आहे. रॅपचं कडवं साधारण 16 बारचं (एक बार म्हणजे चार मात्रा), म्हणजे 90 बीपीएमला, मिनिटाला 90 मात्रांच्या वेगाला, जेमतेम 43 सेकंद. त्यात ओळीच्या आतही यमकं जुळवायची. नवशिके प्रत्येक बार काठोकाठ भरतात, मग श्वास पुरत नाही आणि शेवटचे शब्द गिळले जातात. दर दोन बारनंतर एक मात्रा मोकळी सोडा. मात्र या दोन शैलींमधली भिंत पक्की नाही: अमेरिकी रॅपर लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ दोन्हींच्या मिश्रणातून आलं आणि 2019 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकी गाण्यांच्या क्रमवारीत 19 आठवडे अव्वल राहिलं.