कुत्रं मागायच्या आधी दोरी घे

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला, उत्तर मोबाइलच्या त्या चिमुकल्या खिडकीत मावणार नाही म्हणून पत्रच लिहितोय (टाइप नातू करतोय, चुका त्याच्या). तू आता पीएसआय आणि मी रिटायर झालेला एएसआय, ठाण्यात भेटलीस तर सॅल्यूट ठोकीन, पण तुझ्या बापाने आणि मी शिवाजीनगरच्या लाइनीत एकाच नळावर पाणी भरलंय, त्यामुळे पत्रात तू तूच.

तर तुला तालुक्याच्या ठाण्याला स्वतःचं श्वान हवंय. घरफोड्या वाढल्यात, जिल्ह्याचं श्वानपथक पुण्याहून निघून पोचेपर्यंत ऊन वर येतं, व्यापारी मंडळी वर्गणी काढायला तयार आहेत आणि एकाने तर मॅलिनॉइस जातीच्या कुत्र्याचं पिल्लू बघूनही ठेवलंय. सगळ्यांचं मन चांगलं आहे. पण पेपरातली ती ठरलेली ओळ तू वाचतेसच ना, 'श्वान मुख्य रस्त्यापर्यंत माग काढून तिथेच घुटमळले'? माझ्या नोकरीत ती किती वेळा छापून आली मोजलं नाही. लोक हसतात, आले आणि घुटमळून गेले म्हणतात. अगं, पायी चालणाऱ्या माणसाच्या अंगावरनं वास सारखा गळत असतो, कातडीचे बारीक कण, घाम, पायाखाली चिरडलेलं गवत, उकरलेली माती, या सगळ्याचा मिळून माग होतो. माणूस गाडीवर बसला की तो बहुतेक वेळा तिथेच तुटतो. म्हणजे जिथे कुत्रं घुटमळलं तिथे चोराची गाडी उभी होती असं धरायचं, आणि तिथनं मान वर करून बघायचं की समोर कुणाचा सीसीटीव्ही आहे, टायरची खूण आहे का, चहाची टपरी किती वाजता उघडते. आपण तिथनं परत फिरतो आणि नाव कुत्र्याचं खराब होतं.

आता माझीच एक फजिती सांगतो. सासवडच्या पुढच्या एका गावात पहाटे घरफोडी झाली, आम्ही पोचलो साडेनऊला. ओसरीवर चाळीसेक माणसं. कपाट नातेवाइकांनी उघडून आतलं सगळं पलंगावर मांडलेलं, काय गेलं काय राहिलं बघायला. म्हातारीने उठल्या उठल्या अंगणात सडा टाकून रांगोळीसुद्धा काढलेली, चोरी झालीय हे तिला त्यानंतर कळलं, तिची काय चूक. आणि सरपंच कौतुकाने कटावणी हातात नाचवत पुढे आले, 'ही घ्या साहेब, ह्यानेच फोडलंय.' दुसरं काहीच हाती नव्हतं म्हणून तीच राणीला हुंगवली. राणी म्हणजे पथकातली माझी डॉबरमन कुत्री. तिने अंगणात एक गोल चक्कर मारली, नाक खाली, मग वर, आणि सरळ सरपंचांसमोर जाऊन भुंकायला लागली. गाव खो खो हसलं, सरपंच लालबुंद. मला मात्र घाम फुटला, कारण कुत्री शंभर टक्के बरोबर होती. कटावणीवर ताजा वास सरपंचांचाच होता ना.

तर तुझं काम कुत्र्यापासनं नाही, त्या चाळीस माणसांपासनं सुरू होतं. प्रत्येक बीट अंमलदाराच्या डिकीत गर्दी अडवायला पन्नास मीटर नायलॉनची दोरी, चिमटा, हातमोजे आणि कोऱ्या कागदी पिशव्या ठेव, सगळा खर्च एका पार्टीच्या बिलाएवढाही नाही. पोलीस पाटलांची मीटिंग घे आणि एकच गोष्ट घोटून घे, की फोन आला की आधी घर मोकळं करायचं, आत-बाहेर करायला एकच वाट ठेवायची, झाडलोट नाही, सडा नाही, आणि कोण कोण आत जाऊन आलं त्यांची नावं लिहून त्यांना बाजूला थांबवायचं, घरी पाठवायचं नाही (हे सगळे विसरतात), कारण हँडलरला, म्हणजे कुत्रं हाताळणाऱ्या पोलिसाला, ते वास वेगळे काढायचे असतात. चोराची चप्पल, टॉवेल, काही मिळालं तर हात लावायचा नाही, चिमट्याने कागदी पिशवीत. फरसाणाची रिकामी पिशवी नको, हसू नको, मला मिळालीय. वस्तू उचलता येत नसेल, म्हणजे खिडकीची चौकट वगैरे, तर आधी फिंगरप्रिंटवाल्यांना विचार, मग त्यावर स्वच्छ गॉजचा तुकडा काही वेळ दाबून ठेवायचा, वास त्यात उतरतो. आणि पथकाला फोन पंचनामा झाल्यावर नाही, पहिल्या दहा मिनिटांत. ओल्या गवतात, मातीत पहाटे वास धरून राहतो, मे महिन्यात अकरा वाजता तापलेल्या डांबरावर काय उरणार?

हे सहा महिने करून बघ. येतंय तेच जिल्ह्याचं पथक जास्त कामाला यायला लागेल, आणि मग एसपी ऑफिसला प्रस्ताव पाठवशील तेव्हा कागदावर दाखवायला केसेस असतील.

पालखीच्या मुक्कामासाठी बॉम्बवालं श्वान हवं असंही लिहिलंयस. ते डोक्यातनं काढ. ते दोन दिवस बीडीडीएस, म्हणजे बॉम्ब शोधक-नाशक पथक, येतंच, आणि त्या कुत्र्याचा रोज सराव घ्यायचा तर स्फोटकांचे नमुने लागतात, ते काय ठाण्याच्या कपाटात ठेवणार आहेस? 1993 ला मुंबईत 3,000 किलोच्या वर आरडीएक्स हुंगून काढणारा जंजीर, तो लॅब्राडोर, आपल्या शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रातच शिकला होता, पण त्याच्यामागे अख्खं पथक होतं. तुला ट्रॅकर, म्हणजे माग काढणारं कुत्रं, पुरे. मॅलिनॉइस तर नकोच. रीलमध्ये भिंतीवर चढताना छान दिसतं, पण रोजचं काम नाही मिळालं तर ते तुझं ठाणं खाऊन टाकेल. पिल्लू कुठलं घ्यायचं ते ट्रेनर ठरवतो, व्यापारी नाही. वर्गणी जमलीच तर केनेलला पत्र्याऐवजी नीट छप्पर घाला.

आणि ट्रॅकर तयार व्हायला साधारण नऊ महिने लागतात, हँडलर सोबत शिकतो. हँडलर दोन लागतात, एक सुट्टीवर गेला तर दुसरा. त्यांची बदली लगेच होणार नाही हे आधी लेखी घे, नाहीतर वर्षभरात माणूस जातो आणि कुत्रं दाराकडे बघत बसतं, मी बघितलंय तसं, जेवण सोडलं होतं त्याने चार दिवस. निवडताना ज्याला कुत्र्याची हौस आहे तो नको घेऊस. रात्री अकराला बंदोबस्तावरनं आल्यावर, स्वतः जेवायच्या आधी, बॅटरी लावून कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत गोचीड शोधेल तो घे. एक गोचीड राहिली आणि ताप भरला तर हातातलं कुत्रं जातं. असा माणूस ओळखायचा कसा, तर त्याची मोटरसायकल बघ, खरंच सांगतो.

कोर्टाचं थोडक्यात. कुत्र्याची उलटतपासणी होत नाही, आणि 1969 ला आपल्याच राज्यातल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला सहसा फारसं वजन नाही. त्यामुळे कुत्रं कुणावर भुंकलं म्हणून लगेच त्या माणसाला उचलून ठोकायचं नाही, गावाने कितीही आरडाओरडा केला तरी. ती दिशा समज, मुद्देमाल तू शोध.

पुढच्या रविवारी ये पुण्याला. सहाच्या आत पोच, ओळखीच्या हँडलरला सांगून ठेवतो, सराव चालू असताना कोपऱ्यात उभी राहा. सेंट मारू नकोस आणि पर्समध्ये बिस्किटं ठेवू नकोस. काकूने तुझ्यासाठी कुरडया काढून ठेवल्यात, त्या न्यायला मोठी पिशवी आण.

तुझा,
काका