आधी पर्याय झाक

प्रिय पोरी,

सॅटच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या, तुझ्या दोन्ही सराव परीक्षांचे फोटो रात्रीच पाहिले. गणिताचं मी काही बोलत नाही, ते तुझं तुला कळतं. इंग्रजीत मात्र दोन वाक्यांच्या मधला जोडशब्द निवडायचे अकरा प्रश्न होते. त्यातले पाच चुकले आणि एक तू कोरा सोडलास.

कोऱ्याचं आधी सांगतो. ही लातूरची सवय आहे. तुझ्या वर्गातली निम्मी पोरं मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची, तिथं चुकलं की एक गुण कापला जातो, म्हणून 'येत नसेल तर हात लावू नको' हे तुमच्या हाडात मुरलंय. सॅटमध्ये चुकीला दंड नाही. काहीच सुचलं नाही तरी खूण करायचीच.

आता त्या पाचांचं. वहीच्या कडेला तू पेन्सिलीनं यादी केलीस: हाउएव्हर म्हणजे तथापि, मोरओव्हर म्हणजे शिवाय, नेव्हरदलेस म्हणजेसुद्धा तथापि. मीही शाळेत असंच पाठ केलं होतं. पण तहसीलच्या पत्राबाहेर 'तथापि' म्हणणारा माणूस तू कधी पाहिलास का? जो शब्द तू कधी बोलतच नाहीस, तो वाक्यात बसतो की नाही हे तुझ्या कानाला कसं कळणार?

म्हणून पर्याय हातानं झाक. दोन्ही वाक्यं वाच आणि मधे तुझी आजी काय म्हणाली असती ते मनात म्हण. मंग, पर, तरीबी, म्हणजे असं की, त्यापरीस. बहुतेक सगळं या चार-पाचांत येतं. हात काढायचा तो त्यानंतरच.

२०१६चा उन्हाळा घे. तू लहान होतीस, पण घागरींच्या रांगा आठवत असतील. 'मांजरा धरण कोरडं पडलं. ___ एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं.' इथं म्हणून, म्हणजे देअरफोर. आता वाक्यं बदलू. 'लातूरला रेल्वेनं पाणी आलं. ___ टँकरपुढची रांग काही हटली नाही.' इथं तरीबी, म्हणजे नेव्हरदलेस. आणि 'त्या साली लातूरला पावसाची वाट पाहावी लागली. ___ कोकणात नद्या दरवर्षी दुथडी भरतात' असं आलं तर तिथं तरीबी चालत नाही, कारण एका गोष्टीला दुसरी आडवी आलेली नाही, दोन मुलखांची नुसती तुलना आहे. तिथं याउलट, म्हणजे बाय कॉन्ट्रास्ट. तू दोन ठिकाणी हेच उलटंपालटं केलंस. 'पण' दोन्हीकडे बसतो, म्हणून गफलत होते.

सगळ्यात मोठी खोच 'इन्डीड'ची. तू त्याला 'खरं तर' लिहिलंस. शब्दकोशात चूक नाही, पण आपण 'खरं तर' कधी म्हणतो? 'खरं तर मला यायचंच नव्हतं.' म्हणजे आधीचं खोडून काढताना. इन्डीड खोडत नाही, आधीचंच आणखी जोरात सांगतो. 'लातूरची पाणीटंचाई भीषण होती. इन्डीड, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली.' मराठीत आपण म्हणू, 'इतकी भीषण, की जमावबंदी लावावी लागली.' इन्डीड दिसला की 'इतकं, की' लावून बघ. तुझे दोन गुण इथंच गेलेत, आणि हा दोष तुझ्या इंग्रजीचा नाही, मराठीचा आहे.

पाचवी चूक घाईची. तू रिकाम्या जागेच्या लगतचं एकच वाक्य वाचलंस. कधी शेवटचं वाक्य वरच्या तिन्ही वाक्यांशी बोलत असतं.

एक जुगाड सगळे सांगतात तो मीही सांगतो. देअरफोर आणि कॉन्सिक्वेंटली दोन्ही पर्यायांत असतील आणि तिथं त्यांचं काम एकच असेल, तर दोन्ही बाद, कारण बरोबर उत्तर एकच असतं. पण सुरुवात त्यानं करू नको.

वेळेची फार काळजी करू नको. इंग्रजीच्या एका भागात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला साधारण सत्तर सेकंद. जोडशब्दाला त्याच्या निम्मीही पुरतात, फक्त हे प्रश्न भागाच्या शेवटाकडे येतात आणि तोवर तू आधीच्या उताऱ्यांत दमलेली असतेस. दमलीस तर उड्या मारून आधी हेच सोडव, मग मागं जा.

रविवारपर्यंत वीस प्रश्न कर. मला उत्तरं पाठवू नको. प्रत्येक प्रश्नापुढं आजीचा शब्द तेवढा लिहून फोटो पाठव.

तुझे सर