६०० व्हीएच्या यूपीएसला मोठी बॅटरी जोडली तर दोन तास बॅकअप मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात शाहूपुरीत राहता, घरून काम करता, यूपीएसमधली ७ अँपियर-अवरची (अँपियर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते, तर बाहेरून ४२ ची जोडली तर दोन तास मिळतील का. मिळतील. पहिल्या दिवशी नक्की मिळतील. पुढचं सांगायलाच मी लिहायला बसले, कारण हाच उद्योग आमच्या घरी झालाय आणि त्यापायी मी एका भल्या माणसाला नको ते बोलले आहे.

मी मंगळवार पेठेत घरीच हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. मे महिना होता, वळीव सुरू झाला होता. चारच्या सुमाराला आभाळ भरून यायचं, वारं सुटायचं, कुठंतरी फांदी तारेवर पडायची आणि लाईट जायची. ११ तारखेच्या आत लोकांचे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे जीएसटी रिटर्न, भरायचे असतात, तोंडावर काम आणि समोर काळा मॉनिटर. आमचे दाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करतात. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? बारा व्होल्टला बारा व्होल्ट लागला की झालं. मोठी बॅटरी लाव, दोन तास बघायला नको."

४२ अँपियर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी (शिशाच्या प्लेटा आणि ॲसिडवाली) आणली. दाजींनी यूपीएसच्या पाठीमागून जाड वायर काढली, आखूड ठेवली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला. काम नेटकं, त्यात नाव ठेवायला जागा नाही. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ११० वॅटचा लोड. पहिल्या दिवशी २ तास २० मिनिटं चाललं. दाजी त्या रात्री जेवूनच गेले.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली तर तासभर. तिसऱ्या दिवशी ५० मिनिटं. यूपीएसला हात लावू नये इतका तो तापायचा आणि खोलीत वार्निशचा वास भरायचा. हे छोटे यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करता यावं एवढ्यासाठी केलेले असतात. ट्रान्सफॉर्मर, उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक सगळं त्याच मापाचं, आणि बहुतेकांत पंखाही नसतो. गणपती येईतो बॅटरी पंधरा मिनिटांवर आली.

मग आम्ही दोघं लक्ष्मीपुरीत दुकानदाराकडे गेलो. त्यांनी टेस्टर लावला, लोड देऊन व्होल्टेज कसं खाली बसतंय ते आम्हालाच दाखवलं आणि म्हणाले, "ही बॅटरी उपाशी राहिलीय. चार्जर किती अँपियरचा आहे तुमचा?" दाजी भडकले. बॅटरीच डुप्लिकेट आहे, बदलून द्या, असं दुकानभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि मीसुद्धा म्हणाले, "माल खराब द्यायचा आणि वर आम्हालाच शिकवायचं?" ते काही बोलले नाहीत. टेस्टरच्या वायरी गुंडाळून ठेवल्या.

तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मी साधा मल्टीमीटर आणला. लाल वायर १० अँपियरच्या भोकात घातली, मीटर बॅटरीच्या वायरीत मधोमध जोडला आणि लाईट असताना रीडिंग घेतलं. बॅटरीवर चालू असताना हे करू नका, तेव्हा बारा-तेरा अँपियर खेचले जातात आणि मीटरचा फ्यूज उडतो. टेबलाखाली मांडी घालून बसले होते, टॉर्च तोंडात धरून. आकडा आला ०.८. अर्धा तास थांबले, तरी ०.८ च.

आता तुम्हीच हिशेब करा. ४२ अँपियर-अवरची बॅटरी रिकामी झाली, भरताना वाया जातं ते धरून ५० च्या आसपास परत भरायला हवेत, तर ०.८ ने साठ तास लागतात. अडीच दिवस. आमच्याकडे लाईट रोज जात होती. म्हणजे ती बॅटरी पहिल्या दिवसानंतर एकदाही पोटभर जेवली नाही. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं, ते कडक होतं आणि बॅटरीची साठवण कायमची आकसते. अर्धा इंची नळावर दोन हजार लिटरची टाकी बसवून ती भरत नाही म्हणून टाकीवाल्याशी भांडावं, तसं आम्ही भांडलो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बॅटरी मोठी करण्याआधी चार्जर बघा. मोटामोटी बॅटरीच्या अँपियर-अवरच्या एक दशांश करंट हवा. ७ ला ०.८ बरोबर बसतो, १२ पर्यंत चालवून घेता येईल, त्याच्या पुढे हट्ट नको. दोन तास हवेत ना? मग यूपीएस मोड असलेला (लाईट जाताच कॉम्प्युटर बंद न पडता बॅटरीवर जाणारा) प्युअर साईन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, इन्व्हर्टर घ्या आणि त्याला १०० किंवा १५० ची ट्युब्युलर (इन्व्हर्टरची मोठी लेड-ॲसिड बॅटरी) लावा. त्याचा चार्जर दहा अँपियरच्या पुढचा असतो, एका रात्रीत बॅटरी भरते. चौकोनी लहरीचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर स्वस्त मिळतो म्हणून कॉम्प्युटरसाठी आणू नका, पॉवर सप्लाय गुरगुरतो आणि तापतो. राऊटरला वेगळा छोटा लिथियमचा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्याच. बारा व्होल्टच्या राऊटरसाठी २३० व्होल्ट करून परत बारा करणं म्हणजे निम्मी वीज उष्णतेत घालवणं.

एक राहिलं. जुन्या यूपीएसला बाहेरून वायर काढणारच असाल, तर काही स्वस्त मॉडेलमध्ये बॅटरीची टोकं मेन सप्लायपासून पूर्ण वेगळी नसतात. उघड्या टर्मिनलला शॉक बसू शकतो. घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग अजिबात नको.

आणि तुम्ही शाहूपुरीत आहात म्हणून सांगते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. १५० ची ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास किलोच्या पुढे भरते, पाणी दारात आल्यावर ती जिन्यानं वर नेता येत नाही. तुमची गल्ली कुंभार गल्लीच्या बाजूला असेल तर ती पहिल्या मजल्यावरच बसवा, हवा खेळती असेल अशा जागी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

दुकानदारांकडे मी नंतर एकटी गेले. वहीत लिहिलेलं रीडिंग दाखवलं आणि चुकलं म्हणाले. त्यांनी आकडा वाचला, "साठ तास," एवढंच म्हणाले आणि चहा सांगितला. दाजी अजून प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत सांगतात की ती बॅटरीच डुप्लिकेट होती. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर वायरिंग तुमचं उत्तमच होतं, पण करंट ०.८ होता. वही कपाटात आहे, कधीही या आणि बघा.