सूक्ष्मप्लास्टिकच्या अभ्यासाची सुरुवात करताना
५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिककणांचा अभ्यास करताना कृत्रिम धाग्यांचे कपडे टाळावेत, कारण त्यांतून गळणारे तंतू नमुन्यात मिसळले की ते समुद्रातले की प्रयोगशाळेतले, हे नंतर ठरवणे फार कठीण होते. त्यासाठीच प्रत्येक वेळी गाळलेल्या शुद्ध पाण्याचा कोरा नमुना त्याच सर्व प्रक्रियांतून न्यावा. तो नसलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही. पाण्यातून कण गोळा करणाऱ्या जाळीच्या छिद्रांचे माप अवश्य नोंदवावे. गाळातले कण वेगळे करताना मिठाच्या संपृक्त द्रावणावर पॉलिथिलीन तरंगते, पण पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) आणि पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) जड असल्याने सहसा तळाशीच राहतात, म्हणून त्यांच्यासाठी झिंक क्लोराइडचे अधिक घनतेचे द्रावण वापरावे. सूक्ष्मदर्शकाखाली प्लास्टिक वाटलेला कण इन्फ्रारेड किंवा रामन वर्णपटाने, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीने, तपासल्याशिवाय मोजणीत धरू नये.