बंद शाळेची किल्ली कोणाकडे?

पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तासभर बोललीस, पण मुद्दा एकच: पंचवटीतल्या तुमच्या गल्लीत महापालिकेची जी शाळा बंद पडून आहे, तिथे अभ्यासिकाच झाली पाहिजे. मंडळाच्या पोरांना व्यायामशाळा हवी, ज्येष्ठ नागरिक संघाला विरंगुळा केंद्र, बचत गटाच्या बायकांना मसाल्याच्या कामासाठी जागा, आणि एक जण सिंहस्थाचं निमित्त सांगून सगळं पाडून वाहनतळ करा म्हणतोय. त्याचं सोड, बाकी सगळ्यांची गरज खरी आहे. म्हणूनच रविवारच्या बैठकीत कोणाला काय हवं हे विचारूच नकोस. रोज सकाळी कुलूप कोण उघडणार, विजेचं बिल कोण भरणार आणि शौचालय कोण धुणार, एवढंच विचार. निम्मे लोक चहा यायच्या आत उठतील. उरतील त्यांच्याशी पुढचं बोल.

महापालिकेच्या मिळकत विभागात माझी हयात गेली, म्हणून सांगतो. समाजमंदिर बांधायला निधी मिळतो, फीत कापायला माणसं मिळतात. पुढे किल्ली कोणाच्या तरी घरी खुंटीला लागते, आत मंडपाचे बांबू आणि गणपतीच्या देखाव्याचे सांगाडे येतात, आणि महापालिका भाड्याची नोटीस काढते तेव्हा करारावर कोणाची सही आहे तेच सापडत नाही. तुमच्या शाळेचं असं व्हायला वेळ लागणार नाही.

आधी कागद काढ. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जागा कोणाच्या नावावर आहे, विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण कशाचं आहे, शाळा कायमची बंद केली की दुसरीकडे समायोजित केली, आणि तिच्या नोंदवह्या, बाकं, वीजमीटर आता कोणाच्या ताब्यात आहेत, हे विचार. आरक्षण प्राथमिक शाळेचं असेल आणि कोणी ते बदलायला निघालं, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि शासनाची मंजुरी घ्यावी लागते. तिथे तुम्हाला बोलता येतं. नुसती भाड्यानं द्यायची असेल, तर किती मुदतीला कोणाची मंजुरी लागते ते महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये आहे. ते बैठकीआधी वाचून जा. ‘साहेबांनी शब्द दिलाय’ म्हणणारा एक जण तिथे असतोच.

मग इमारत बघायला जा, एकटी नको, स्ट्रक्चरल इंजिनीअर बरोबर घे. छताकडे बघ. स्लॅबला खालून पोपडे सुटले असतील आणि तांबूस गज दिसत असतील, तर पाणी मुरलंय. भिंतीवर लहान हातोडीने हलकेच ठोक. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय, पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या तरी डोक्यात पडेल. गच्चीच्या कठड्यात पिंपळ उगवलाय का बघ. नुसता वरून तोडला की तो दुप्पट जोमाने येतो, मूळ काढावं लागतं. इमारत तीस वर्षांपलीकडची असेल तर तपासणीचा दाखला कायद्यानेच लागतो. तो नसताना आत एकही पोर बसवू नकोस, आमदार उद्घाटनाला तयार असले तरी.

पाडा म्हणणाऱ्याला एकच विचार: शाळा निळ्या पूररेषेच्या आत आहे का? पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. आत नवं बांधकाम सहजासहजी होऊ देत नाहीत. एकदा पाडलीस की तिथे पुन्हा काही उभं राहील याचा भरवसा नाही. रेषेबाहेर, उंचावर असेल तर उलट आणखी मोलाची. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं होतं, आठवतं ना? अशा वेळी काठावरच्या माणसांना हलवायला पक्कं छप्पर लागतं. निवडणुकीत मतदान केंद्रही अशाच इमारतीत असतं. म्हणून करार कोणाशीही झाला तरी एक अट घालून घे: आपत्तीत आणि मतदानाला इमारत महापालिकेकडे परत.

तुला आवडणार नाही असंही एक लिहितो. अभ्यासिका मागण्याआधी गल्लीतली पहिली ते पाचवीची मुलं कुठे जातात ते घरोघर जाऊन विचार. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने त्यांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. दोन-तीन घरची मुलं भर रहदारीचा रस्ता ओलांडून जात असतील, तर तळमजल्याचे दोन वर्ग बालवाडीला आणि पहिली-दुसरीला परत मागायला हवेत. भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तुझ्या मित्रांना संध्याकाळ चालते, पोरांना सकाळच लागते. दुपारी तेच दालन बचत गटाला द्या. मसाला कुटायला नाही, ठसक्याने शाळा रिकामी होईल, पाकिटं भरायला चालेल. बाकी खोल्यांचं वेळापत्रक भांडून ठरवा, पण मुदत अकरा महिन्यांचीच ठेवा आणि हिशेबाचा कागद दारावर लावा.

वर्गणी घ्यायला लाजू नकोस. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, ते सभासदांच्या वर्गणीवर आणि निवडून दिलेल्या कार्यकारिणीवर. तिथल्या निवडणुकीतली भांडणं तूही ऐकली असशील. पण भांडायला सभासद आहेत, म्हणून दार उघडं आहे. फुकट अभ्यासिकेत पंखा बिघडला की तो कोणाचाच नसतो.

इमारत मागायचा अर्ज मात्र एका नावाने नको. ज्येष्ठांपैकी एक, बचत गटाच्या ताई, मंडळाचा एक आणि तू, अशा चौघांच्या सह्या घे. पंचवटी विभागीय कार्यालयात दे, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. मसुदा मला आधी पाठव, शनिवारपर्यंत लाल शाईने परत करतो.

तुझा,
काका