डिझायरेबलखालची लाल रेघ

"मॅडम, एमएस्सी बायोटेक झालंय, नेट ही पात्रता परीक्षा निघालीय, पण कोडिंग येत नाही, मग जेनेटिक्सच्या जागांना अप्लाय तरी कसं करू?" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की समोरच्याने 'को' म्हटलं की मला पुढचं कळतं. त्यातल्याच एकीचं सांगते, ओळख पटेल ते सगळं बदललंय.

पहिल्या भेटीत म्हणाली, प्रोजेक्टवरच्या जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोच्या जागेला, वयाची अट २८, माझं निघून चाललंय. मी म्हटलं, मुलींना पाच वर्षं सूट असते ना? तर गप्प. म्हणजे दुखणं वयाचं नव्हतंच. आणि इथे माझंच चुकलं, मी लगेच पायथॉनचा कोर्स सुचवून मोकळी झाले. तिने एक सोडून तीन लावले, एकही संपवला नाही आणि 'मला जमतच नाही'ला आयता पुरावा मिळाला.

मग म्हटलं, जाहिरातीची प्रिंट आण. आणली. विद्यापीठातला जीनोमच्या, म्हणजे सगळ्या डीएनएच्या, डेटावरचा प्रोजेक्ट, महिना ३७,००० अधिक घरभाडं, आणि लाल पेनाच्या रेघा. बघते तर सगळ्या रेघा एकाच ओळीखाली, आर, पायथॉन, लिनक्स ही कॉम्प्युटरची कामं, आणि ओळीच्या सुरुवातीला शब्द 'डिझायरेबल', म्हणजे असलं तर बरं. वर 'इसेन्शियल'मध्ये, म्हणजे हवंच त्यात, एमएस्सी आणि नेट किंवा गेट, तिथे कोरं.

"हे वरचं?"

"ते आहे की."

"मग खाली एवढं लाल कशाला?"

"ते पण यायलाच पाहिजे ना."

"यातला 'च' कुठे छापलाय, दाखव."

तिने खरंच शोधला हो! बोट ओळीवरून दोनदा फिरलं, मग हसली, मग डोळे भरले. मी काही बोलले नाही, आता कळतं कधी गप्प बसायचं ते. माणसाला परिस्थितीपेक्षा हा 'च' जास्त छळतो असं मी कायम मानत आलेय, पण तो असा लाल शाईत पहिल्यांदाच दिसला.

तर विचारणाऱ्या सगळ्यांना, इसेन्शियलशी वाद घालू नका, तिथे आत्मविश्वासाने भागत नाही. जागा प्रोजेक्टपुरती असते, तो संपला की संपते, हेही धरून चला. पण डिझायरेबल म्हणजे गाईडची हौस, स्थळाच्या जाहिरातीतल्या 'गृहकृत्यदक्ष'सारखी. आणि जीनोमच्या तीनशे कोटी अक्षरांतलं वेगळं अक्षर कॉम्प्युटर शोधून देतो, त्याने शरीरात काय बिघडतं हे सांगायला बायोलॉजीवालाच लागतो. हिचं डिझर्टेशन सिकलसेल या रक्ताच्या आजारावर, जिथे एकच अक्षर बदलतं, हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हे तिने मला वीस मिनिटं न अडखळता समजावलं होतं, आणि सीव्हीत त्याला अर्धी ओळ!

पहिल्या इंटरव्ह्यूत नाही झालं. दुसरीकडे विचारलं, जीनोमच्या फाईलमध्ये म्युटेशन, म्हणजे बदललेलं अक्षर, दिसलं तर खरं कशावरून मानाल? म्हणाली, "डीएनएचा तेवढा तुकडा पीसीआरने वाढवून सँगर पद्धतीने परत वाचेन. पायथॉन कच्चं आहे, शिकतेय." घेतलं.

परवा मेसेज आला, "मॅडम, लिनक्सवर फाईल उघडायला लागले, फेलोशिप मात्र तीन महिने झाले आलेली नाही, आणि ती यायलाच पाहिजे, हा 'च' मी काढणार नाही."