पेर म्हणजे गाठ, की दोन गाठींमधला भाग?

एका ताईंनी विचारलंय की मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात खोडावर जिथून पान फुटतं त्या जागेला पेर म्हटलंय आणि दोन पेरांमधल्या भागाला कांडं, पण त्यांच्या सासरी मोहोळकडे ऊस सोलून जो तुकडा हातात देतात त्या अख्ख्या तुकड्यालाच पेर म्हणतात, मग चुकतंय कोण?

कुणीच नाही. पेर आलाय संस्कृतमधल्या पर्व वरनं आणि त्या शब्दातच दोन्ही अर्थ आहेत, सांधा पण आणि दोन सांध्यांमधला भाग पण. पौर्णिमा-अमावस्येला पर्वकाळ म्हणतो तो महिन्याचा सांधा, आणि महाभारताची 18 पर्वं म्हणजे मधले भाग. कांड पण तसंच, रामायणाची 7 कांडं आणि उसाचं कांडं हा एकच शब्द. आपल्या दोन्ही मोठ्या ग्रंथांचे भाग खोडाच्या शब्दांनी मोजलेत, हे मला फार आवडतं. घरात मात्र मधला भाग हाच अर्थ पक्का झालाय, भातात पाणी बोटाचं एक पेर वर ठेव म्हणतो तेव्हा कुणी सांधा मोजत नाही.

पुस्तकवाल्यांना दोन जागांना दोन नावं लागतात कारण खोडात दोन्हीकडे वेगळं काम चालतं. उसाचा शेंड्याकडचा कोवळा भाग बघा, गाठीच्या लगेच वर वाढणाऱ्या पेशींचा पट्टा असतो, तिथून कांडं लांबतं आणि एकदा पूर्ण वाढलं की परत वाढत नाही. म्हणून आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की त्या दिवसात बनलेली कांडी आखूड राहतात आणि पावसानंतरची लांब, शेतकरी उभा ऊस बघून सांगतो कधी ताण बसला ते.

आता कांडं चावून बघा, दातात जे दोरे अडकतात तेच खोडातले नळ. प्रत्येक दोऱ्यात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या शेजारी शेजारी असतात. सोलापूरकरांना जलवाहिनी म्हटलं की उजनीची पाइपलाइनच आठवणार, पण इथं पंप नाही, पानातनं पाण्याची वाफ होत राहते आणि त्या ओढीनं मुळापासनं पाणी वर चढतं, त्याच पाण्यातनं जमिनीतले क्षारही जातात. रसवाहिन्या पानात तयार झालेली साखर खाली आणतात आणि ती कांड्याच्या मऊ भागात साठते, बुडख्याकडची कांडी आधी पिकतात म्हणून बुडखा गोड आणि शेंडा पाणचट. गाठीत हेच दोरे पानाकडं आणि डोळ्याकडं, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेकडं, वळतात, एकमेकांत गुंततात, म्हणून गाठ दाताला दाद देत नाही. ज्वारीच्या ताटात पण दोरे असेच भेंडात विखुरलेले असतात, आंबा-लिंबाच्या खोडात मात्र ते गोल कड्यासारखे मांडलेले.

माझं मत विचाराल तर पुस्तकात पेर ऐवजी सरळ गाठ लिहायला हवं होतं, गाठ आणि कांडं म्हटलं की पोरांचा घोळच होत नाही, आणि बेण्याची टिपरी, म्हणजे लागणीसाठी उसाचे तुकडे, तोडणारी माणसं पण डोळा गाठीवर असतो असंच म्हणतात. तोपर्यंत मुलीनं परीक्षेत पुस्तकातलंच लिहावं, आणि सासरी ऊस मागताना एक पेर द्या असंच म्हणावं.